चार दिवस, तीन डोंगर आणि घरची भांडी

‘‘कुठं जायलीस गं?’’ मी बॅग भरत होते, तेव्हा सासूबाईंनी दारात उभं राहून विचारलं.

‘‘देवीला,’’ मी म्हणाले.

‘‘कोणत्या देवीला?’’

‘‘कळसूबाईला. नगरकडं आहे. अकोले तालुक्यात, डोंगरावर.’’

‘‘बरं. ओटीचं सामान घे मग,’’ एवढं म्हणून त्या आत गेल्या.

मैत्रिणींनो, मी खोटं बोलले नव्हते. कळसूबाई ही देवीच आहे. पण मी खरंही बोलले नव्हते. आम्ही पाचजणी चार दिवस, गाईड घेऊन, डोंगर चढायला निघालो होतो. कुणाचं लग्न नाही, बाळंतपण नाही, दवाखाना नाही, नवस नाही. आपल्याला जावंसं वाटतंय, एवढंच कारण. आणि तेच नेमकं माझ्या तोंडून निघेना. मी बचत गटाच्या बैठकांमधून गावोगाव सांगत फिरते, ‘बायांनो, घरच्यांशी मोकळेपणानं बोला.’ आणि स्वतःच्या घरी मात्र देवीच्या पदराआड लपले!

हे खूळ सुरू झालं आमच्या भिशीत. आमच्यातल्या मास्तरीणबाई सातवीला भूगोल शिकवतात. त्या दिवशी वर्गात ज्वालामुखीचा धडा होता. एका मुलीनं विचारलं, ‘‘बाई, तुम्ही बघितला का ज्वालामुखी?’’ त्यांनी ‘नाही’ म्हटलं आणि ती गोष्ट त्यांच्या मनाला लागली. भिशीत चहा पिता पिता म्हणाल्या, ‘‘वीस वर्षं फळ्यावर नुसता डोंगर काढून त्यातून धूर काढतेय. बघितलं काय? काहीच नाही.’’

आम्ही हसलो. ज्वालामुखी बघायला जायचं म्हणजे विमानाच्या गोष्टी. आपल्या देशात जागा असलेला ज्वालामुखी एकच, तोही अंदमानच्या समुद्रात, बॅरन बेटावर. जगभरचे लोक चढायला जातात तो किलिमांजारो तिकडं आफ्रिकेत, ५८९५ मीटर उंच. आमची भिशी महिन्याला पाचशेची!

पण मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘‘लांब कशाला? आपला अख्खा सह्याद्री लाव्ह्याचाच आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई. तेच चढू की.’’

ठरलं. नऊ महिने भिशीचे पैसे बाजूला ठेवले. ठरवताना आम्ही सातजणी होतो, निघताना पाच उरलो. एकीच्या लेकीच्या बाळंतपणाची तारीख नेमकी तीच निघाली. दुसरीच्या नवऱ्यानं ‘नको’ म्हटलं नाही, पण आठ दिवस बोलणंच टाकलं. तिनंच मग बॅग उलगडून ठेवली. ‘नाही’ न म्हणता कसं थांबवायचं, हे काही घरांना चांगलं जमतं.

तयारी मात्र नीट केली. आपलं सोनपेठ म्हणजे तळहातासारखं सपाट, चढायला चढ कुठून आणणार? म्हणून रोज पहाटे पाऊण तास रस्त्यानं भरभर चालायचं आणि मग शाळेचा जिना दहा वेळा चढायचा-उतरायचा. शिपाईमामा पहिले काही दिवस बघत राहिले. मग एक दिवस म्हणाले, ‘‘ताई, काही हरवलंय का वरी?’’

निघण्याआधी सगळ्यांची बीपी-शुगर तपासून घेतली. आमच्यातल्या आक्काची सगळ्यांना काळजी होती. आक्का बावन्न वर्षांची. मालक गेल्यापासून शिवणकाम करून एकटी राहते. तरुणपणी पंधरा वर्षं ऊसतोडणीला गेलेली. अठ्ठाविसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय २०१९ मध्ये गाजला, सरकारनं चौकशी समिती नेमली, पेपरांत पानं भरून आलं. आमच्या भागातल्या बायकांना ती बातमी नव्हती, ती शेजारीणच होती. पिशवी लवकर गेली की हाडं लवकर झिजतात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी आक्काला गुडघे तपासून, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, ‘‘जा. पण घाई करू नका.’’ आक्का बाहेर येऊन म्हणाली, ‘‘माझ्या अंगाला ‘जा’ म्हणणारं पहिलंच माणूस भेटलं.’’

परभणीहून रात्रीच्या रेल्वेनं इगतपुरी, तिथून जीपनं घोटीमार्गे बारी. कळसूबाईच्या पायथ्याचं हे गाव. तिथंच एका घरी उतरायची आणि जेवायची सोय होती. गाईड होता गावातलाच एक पंचविशीतला पोरगा. त्यानं पहिलंच सांगितलं, ‘‘मावशी, जिला सगळ्यात कमी चालवतं, ती पुढं. बाकीच्या तिच्या मागं. डोंगर काही पळून जात नाही.’’ हा नियम मला फार आवडला. घरात तर आपण नेमकं उलटं करतो. जी दमलेली असते ती मागं राहते आणि कुणी वळूनही बघत नाही.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. चांगल्या चालणाऱ्याला साडेतीन-चार तास लागतात, आम्हाला सहा लागले. आधी शेतं, मग दगडांच्या पायऱ्या, मग उभा चढ. जिथं कडाच समोर येतो तिथं लोखंडी शिड्या लावल्या आहेत. पहिली शिडी मी चढले. दुसऱ्या शिडीच्या मधोमध मी खाली बघितलं आणि माझे पाय थिजले. हात गजाला चिकटले. खाली अख्खी दरी, वर शिडीचं तोंड दिसेना. मला पुढं जाता येईना, मागं येता येईना. सभेत माईक धरून बोलणारी मी, तोंडातून शब्द फुटेना.

माझ्या मागं आक्का होती. लुगड्यात. ती खालून शांतपणे म्हणाली, ‘‘ताई, खाली नगा बघू. हाताकडं बघा. एक हात सोडा, वरचा गज धरा. आता पाय. मी हाय मागं.’’ असं एक-एक गज म्हणत तिनं मला वर नेलं. वर गेल्यावर मी मटकन बसले. तिला म्हटलं, ‘‘आक्का, तुला भीती नाही वाटली?’’

ती म्हणाली, ‘‘ताई, पंधरा वर्षं डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकाला लावलेल्या शिडीवर चढलेय. रात्री, थंडीत, अंधारात. तिथं हात धरायला गज नव्हता. आज तर हात बी मोकळे हायेत.’’

आम्ही सगळ्या गप्प झालो. जिची काळजी करत आम्ही निघालो, तिचीच तयारी सगळ्यात जुनी होती.

माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ आहे. तिथं बसून गाईडनं कळसूबाईची गोष्ट सांगितली. तुम्हाला कदाचित माहीत असेल, मला नव्हती. कळसू नावाची एक कोळ्याची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली. तिची एकच अट होती. केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, बाकी सांगाल ते काम करीन. काही दिवस बरे गेले. मग एक दिवस घरी पाहुणे आले आणि तिला तेच काम करायला लावलं. तिनं ते केलं, पण त्यानंतर ती त्या घरात राहिली नाही. सरळ डोंगरावर निघून आली ती कायमची. तिनं भांडी घासली ती जागा म्हणजे थाळेमेळ, केर काढला तो काळदरा, असं गावकरी दाखवतात. नवरात्रात इथं मोठी यात्रा भरते.

महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच जागेला एका मुलीचं नाव आहे, आणि ती मुलगी भांडी घासायला ‘नाही’ म्हणालेली आहे! मी ओटी काढली. सासूबाईंनी सांगितलेलं खण-नारळ. देवीपुढं ठेवताना मला माझ्याच लपवाछपवीची लाज वाटली. ही बाई उघड ‘नाही’ म्हणाली. मी एक साधं ‘मला जायचंय’ म्हणू शकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रतनवाडी. तिथं अमृतेश्वराचं जुनं, सुरेख कोरीव देऊळ आहे आणि मागं रतनगड. गडाच्या माथ्याजवळ कातळाला आरपार मोठं भोक आहे, त्याला नेढं म्हणतात, सुईच्या नेढ्यासारखं. त्यात बसलं की वारा असा येतो की पदर धरून ठेवावा लागतो. वाटेत गाईडनं एक ओहोळ दाखवला. ‘‘ही प्रवरा. इथंच रतनगडावर उगम पावते.’’

आक्कानं विचारलं, ‘‘पुढं कुठं जाती?’’

‘‘भंडारदऱ्याच्या धरणात. मग अकोले, संगमनेर, आणि नेवाशाच्या पुढं प्रवरासंगमला गोदावरीत.’’

मास्तरीणबाईंनी पुढची वाट सांगितली. जायकवाडी, पैठण आणि मग आपल्याच तालुक्यातून वाहणारी आपली गंगा. आक्का खाली बसली, ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. म्हणाली, ‘‘म्हंजे ही आपल्या गावाकडं निघालीय, आन आपण तिच्या माहेरी आलोत.’’

तिसऱ्या दिवशी पाचनईहून हरिश्चंद्रगड. सुमारे १४०० मीटर उंचीचा हा गड. वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, आणि जवळच केदारेश्वराची गुहा. आत कमरेएवढ्या गार पाण्यात भलं मोठं शिवलिंग. त्याच्याभोवती चार खांब होते, त्यातला एकच आता पूर्ण उभा आहे. ते चार युगांचे खांब म्हणतात. चांगदेवांनी या गडावर तप केलं असं सांगतात. एवढा मोठा योगी, पण गुरू केली ती वयानं कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाईला. किराणा दुकान सांभाळणारी आमची वहिनी म्हणाली, ‘‘बघा, मोठी माणसं विचारायला लाजत नाहीत. आपल्याकडं हिशेब विचारला तरी कमीपणा वाटतो यांना.’’

दुपारी आम्ही कोकणकड्यावर पोचलो. मैत्रिणींनो, हा कडा मला शब्दांत सांगता येणार नाही. नागाच्या फण्यासारखा आत वळलेला, आणि खाली थेट कोकण. गाईडनं आम्हाला पोटावर झोपायला लावलं आणि आमचे पाय धरून एकेकीला कडेवरून खाली बघू दिलं. १८३५ मध्ये कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाला इथं इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं. आम्हाला ते दिसलं नाही. त्याला खाली धुकं आणि पाठीशी ऊन लागतं. पण आम्हाला जे बघायचं होतं ते दिसलं. कड्याच्या कातळात एकावर एक आडवे थर. भाकरीच्या दुरडीत भाकरी रचाव्यात तसे.

मास्तरीणबाई कड्यापासून मागं सरकून बसल्या आणि त्यांनी तिथंच तास घेतला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा बाहेर आला. चित्रातल्यासारखा एका डोंगराच्या तोंडातून उसळलेला नव्हे, उतू गेलेल्या दुधासारखा पसरत गेलेला. एक थर निवला की त्यावर दुसरा. असे कितीतरी. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो दगड पसरलेला आहे. त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला, कारण हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. या थरांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी नावच दिलंय कळसूबाई गट! म्हणजे सह्याद्री हा जुना ज्वालामुखी नाही, तर ज्वालामुखीतून आलेल्या दगडाची रास आहे. पाऊस आणि नद्यांनी कोरून कोरून तिचे कडे केले.

‘‘आणि आपल्याकडं?’’ वहिनीनं विचारलं.

‘‘आपल्याकडंही तोच. पश्चिमेला थर जाड, पूर्वेकडं पातळ होत जातात. तो दगड झिजून जी माती झाली, ती आपली काळी माती. ज्यात आपला कापूस येतो, सोयाबीन येतं, ती.’’

मी माझ्या बुटाकडं बघितलं. तळाला अजून सोनपेठची माती चिकटली होती. आम्ही ज्वालामुखी बघायला इतक्या लांब आलो, आणि सासरी आल्यापासून त्याच्यावरच तर उभ्या होतो.

चौथ्या दिवशी परतीचा प्रवास. रेल्वेत प्रत्येकीचे पाय सुजलेले, नखं काळी-निळी, पण तोंडं अशी की डब्यातल्या बायका विचारायच्या, ‘‘लग्नाहून आलात का?’’

आणि आता मला जे खरं सांगायचंय ते.

घरी पोचले तर घर स्वच्छ. ओटा पुसलेला, भांडी मांडणीवर लावलेली. मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, माझ्याशिवाय काही अडत नाही! रात्री लेकीच्या केसांना तेल लावत होते, तर तिचे हात दिसले. बोटांच्या पेरांना भेगा. लेक नववीत आहे. खो-खोच्या शाळेच्या संघात आहे. मी विचारलं, ‘‘सराव कसा चाललाय?’’ ती म्हणाली, ‘‘चार दिवस गेलेच नाही. सकाळची भांडी, मग दादाचा डबा, संध्याकाळी आजीचा स्वयंपाक. बाईंनी मला राखीव खेळाडूंत टाकलंय.’’ ती रागावून बोलत नव्हती. अगदी सहज सांगत होती. तेच मला जास्त लागलं. माझा अकरावीतला मुलगा शेजारच्याच खोलीत होता. त्याचा क्रिकेटचा एकही दिवस चुकला नव्हता. मीच जाताना लेकीला म्हणाले होते, ‘‘घराकडं बघ गं.’’ मुलाला काहीच म्हणाले नव्हते. सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या पायाला तेल चोळताना मी सगळं खरं सांगितलं. देवीचं निमित्त होतं, आम्ही डोंगर चढायला गेलो होतो. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, ‘‘मला कळालं होतं. देवीला जाताना कुणी बूट इकत घेतं का?’’ मग मी त्यांना कळसूची गोष्ट सांगितली. पाटलाचं घर, अट, पाहुणे, भांडी, डोंगर. त्यांनी मन लावून ऐकली. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘मग ती गेल्यावर तिथली भांडी कोणी घासली?’’

माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्याच पुढं म्हणाल्या, ‘‘दुसरीच कोणतीतरी पोर ठेवली असंल. मी एकदाच पंढरीला गेले जन्मात. तिथं दिंडीतबी भाकरीच थापल्या. आन मी नव्हते तर घरी माझी धाकटी जाऊ. ती कधीच कुठं गेली नाही.’’

पुढच्या भिशीत मी चौघींना विचारलं. वहिनीच्या घरी नणंद गावाहून येऊन राहिली होती. दुसरीकडं सून. मास्तरीणबाईंच्या घरी नवऱ्यानं मेसचा डबा लावला, पण धुणं त्या आल्यावर तसंच पडलेलं. आक्काच्या घरी आक्काच. म्हणजे चार घरांपैकी तीन घरांत एका बाईची सुट्टी दुसऱ्या बाईनं किंवा पोरीनं भरली होती, आणि चौथ्या घरात काम आमची वाट बघत बसलं होतं. आम्ही डोंगर चढलो, पण घरातलं ओझं खाली ठेवलं नव्हतं. ते फक्त दुसरीच्या डोक्यावर दिलं होतं, तेही तिला न विचारता.

म्हणून मैत्रिणींनो, तुम्ही जरूर जा. कळसूबाईला जा, नाहीतर जवळचा एखादा गड बघा. तीन महिने आधी चालायला लागा. बीपी-शुगर तपासून घ्या. बूट नवे असले तर पंधरा दिवस आधी पायात घाला. पावसाळ्यात शिड्या-कातळ निसरडे असतात, पहिल्यांदा जाणार असाल तर हिवाळा बरा. गावातलाच गाईड घ्या. त्याला वाट माहीत असते आणि पैसा गावात राहतो. सगळ्यात हळू चालणारीला पुढं ठेवा. पण यादीत सगळ्यात वर हे लिहा : मागं भांडी कोण घासणार? आणि ते नाव पुरुषाचं असू द्या. निदान पोरीचं एकटीचं नसू द्या.

आमच्या घरी सध्या मुलाची शिकवणी चालू आहे. शिकवणाऱ्या सासूबाई. त्या खुर्ची टाकून मोरीच्या दाराशी बसतात. परवा त्याला म्हणाल्या, ‘‘कढईचा बूड कोण घासणार, तुझी मायच का?’’ तो कुरकुरतो, साबण जास्त वापरतो, एक कपही फोडला. लेक सरावाला जाते. संघात अजून आली नाही, राखीवच आहे. त्याला वेळ लागेल.

येत्या हिवाळ्यात लोणारला जायचं ठरतंय. तेही आपल्याच काळ्या दगडात उल्केनं केलेलं विवर. आपल्याला जवळ, आणि उतरायलाही फार नाही. या वेळी सासूबाई म्हणाल्यात, ‘‘मी बी येते. देवाबिवाचं काही सांगू नका. बघायला जायलोत म्हणून सांगा.’’